बद्रीनाथच्या हातचा जोड

मित्रांनो, जीपचं बॉनेट उघडलं की सगळ्यांची नजर आधी इंजिनाकडे जाते, मग बॅटरीकडे. माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. एका कोपऱ्यात पत्र्याच्या पट्टीला अडकवलेली, डोक्यावर काळं झाकण आणि पोटात पाणी घेऊन बसलेली जी पिवळट प्लास्टिकची बाटली दिसते ना, ती मी. मिस्त्री मला कूलंटची बाटली म्हणतात. आमच्या जाफराबादकडचे ड्रायव्हर नुसतं 'पाण्याची बाटली' म्हणतात, आणि तेही मी गळायला लागले तरच.

माझं काम काय, ते आधी सांगते. इंजिन तापतं. त्याच्या अंगातून फिरून आलेलं गरम पाणी माझ्याकडे येतं, मी फुगते, आतला दाब मुकाट्यानं सोसते आणि गार झालं की पाणी परत देऊन टाकते. माझ्यात पाणी आहे तोवर इंजिन जिवंत. मी रिकामी झाले की मग देवच वाली.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. साबुदाण्यासारखे पांढरे दाणे वितळवून साच्यात घातले, त्यातून माझी दोन अर्धुकं निघाली. ती दोन्ही कडेनं तापवून एकमेकांवर दाबली आणि मी एक झाले. म्हणजे बघा, मी मुळातच जोडलेली. पण माझा जोड आगीचा आहे, त्यात गोंदाचा एक थेंबही नाही. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढचा सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो.

बद्रीनाथनं जीप घेतली तेव्हा मी दुधासारखी पांढरी होते. बाहेरूनच आतलं हिरवं कूलंट दिसायचं. तो रोज सकाळी बॉनेट उघडून मला फडक्यानं पुसायचा आणि म्हणायचा, "काय चीज हाये! काचावानी दिसून राह्यली." आपलं कौतुक कुणाला आवडत नाही? मीही आपली फुशारून जायची. तेव्हा मला वाटायचं, जन्मभर असंच चालणार.

बद्रीनाथ मूळचा ड्रायव्हर नव्हे. जाफराबाद तालुक्यातल्या गावोगाव तो शेतात पाइपलाइन टाकायचा. विहिरीपासून रानापर्यंत, रानापासून ठिबकच्या नळ्यांपर्यंत सगळं त्याच्या हातचं. पाइपाचं टोक कानशीनं घासायचं, फडक्यानं पुसायचं, ब्रशनं पाइप चिकटवायचं सोल्युशन लावायचं, आत सारून जरासं पिळायचं आणि मनातल्या मनात रामनाम घेत धरून ठेवायचं, अशी त्याची रीत. मोटार कितीही जोरात सुरू करा, त्याच्या जोडातून पाण्याचा टिपूस बाहेर यायचा नाही. "बद्रीनाथच्या हातचा जोड हाये, पाइप फुटंल पण जोड सुटनार न्हाई," असं लोक चारचौघांत बोलायचे. पुढं कंबर दुखायला लागली, चर खोदणं होईना, म्हणून त्यानं जीप घेतली आणि जाफराबाद, भोकरदन, राजूर, जालना अशी प्रवासी भरून नेणारी वडाप सुरू केली. तरी घरात सोल्युशनचा डबा कायम असायचा. कुणाचा पाइप फुटला की त्याला बोलावणं यायचंच, आणि तो हातातलं काम टाकून जायचा.

चतुर्थीला तर आमची धांदल विचारू नका. राजूरच्या गणपतीला जाणारी माणसं आत, मागं, टपावर, नुसती लोंबकळायची. इंजिन रडकुंडीला यायचं. अशा गर्दीत बद्रीनाथ गाडी थांबवायचा आणि तापलेल्या माझ्या पोटात बोअरचं गार पाणी ओतायचा. कूलंट कधीच संपलं होतं. दुकानदारानं नवं घ्या म्हटलं की तो म्हणायचा, "पान्याला काय झालं? पानी ते पानी." त्या मचूळ पाण्याचे पांढरे थर माझ्या आतून बसत गेले. वरून धूळ, तेल आणि कापसाच्या गाड्यांमागून उडून आलेला कापूस. मी पिवळी पडले, कडक झाले. पुसणं तर केव्हाच बंद झालं होतं. खरं सांगते, मला फार वाईट वाटायचं. पण गाडी चालत होती, घर चालत होतं. म्हटलं, असू दे बाई, आपलं काय एवढं.

घरात तिघं होती. बद्रीनाथ, त्याची बायको चतुराबाई आणि लेक दैवशाला. लेकीला याच जीपमधून वाजतगाजत सासरी घातलं होतं आणि याच जीपमधून एक दिवस तिला परत आणलं.  सासरचं काय झालं, कसं झालं, ते मी विचारणारी कोण? मला एवढंच माहीत आहे, की ती परत आली ती रडत बसली नाही. वयानं आपल्यापेक्षा लहान असलेल्या पोरींबरोबर बसून तिनं नर्सिंगचा कोर्स केला आणि जाफराबादच्या एका खासगी दवाखान्यात कामाला लागली. तिथलं काम गाढवाचं आणि पगार नावाला. आज या म्हणाले तर जायचं, उद्या नको म्हणाले तर घरी बसायचं. तिला सरकारी दवाखान्यातली नर्सची जागा हवी होती. एकदा ती मिळाली असती तर कुणापुढं मिंधं व्हायची वेळ आली नसती. ती जागा निघायची वाट बघता बघता तिचे कानाजवळचे केस पांढरे झाले.

शेवटी जागा निघाल्या. जालन्याच्या बाहेरच्या एका कॉलेजात परीक्षा, रविवारी सकाळी. दैवशाला जीपमध्ये बसून येता-जाता पुस्तक वाचायची. एकदा बापाला म्हणाली, "नाना, ही शेवटची. पुढच्या टायमाला माझं वय बसत न्हाई."

"मंग हीच काढायची," बद्रीनाथ म्हणाला. त्याच्या लेखी ते झाल्यातच जमा होतं.

आणि मित्रांनो, नेमकी आदल्या दिवशी, शनिवारी मी तडकले.

मी मुद्दाम नाही तडकले हो! होळीच्या आधीचे दिवस, दुपारचं ऊन, भोकरदनहून भरून आलेली गाडी. जाफराबादच्या स्टँडवर त्यानं सवयीनं गार पाणी ओतलं आणि माझ्या कुशीत टचकन काहीतरी झालं. बोटभर लांबीची फट. पाणी टपटप खाली पडायला लागलं. बद्रीनाथनं खाली वाकून पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

मला सोडवून तो अलीमच्या दुकानात घेऊन गेला. अलीमचं स्टँडसमोर गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान. माणूस बोलघेवडा, पण मालाची पारख पक्की. त्यानं मला हातात घेतलं, उलटं केलं आणि अंगठ्यानं माझ्या बुडावरचा मळ पुसला. तिथं कारखान्यानं एक छोटा शिक्का उठवलेला आहे. कित्येक वर्षांत तो कुणी पाहिला नव्हता.

"बद्रीभाऊ, हे बघा. पीपी लिहेलं हाये," अलीम म्हणाला. "ह्या प्लास्टिकला कायबी धरत न्हाई. मेणावानी असतंय ते. नवीन बाटली मंगळवारी येती. तंवर राजूरला जा, तिथं एक पोरगा हाये, ह्याच प्लास्टिकची कांडी वितळवून बराबर शिवून देतो."

"चिकटवायला काय न्हाई का तुझ्याकडं?"

"हाये ना. फेविक्विकवानी गोंद हाये, दोन ट्यूबा मिसळायचा हाये. पन ह्याच्यावर एकबी टिकनार न्हाई. पीपीचा गोंद अलग येतो, आधी एक पातळ औषध लावावं लागतं. तेबी बंपरला चालतंय. गरम पान्याच्या बाटलीला मी देनार न्हाई. बिलकुल न्हाई."

बद्रीनाथ मोठ्यानं हसला. अगदी मनापासून. "अलीम, तू मला जोड शिकवून राह्यला व्हय रे?"

"शिकवत न्हाई भाऊ. सांगून राह्यलो."

"अरे, पंधरा पंधरा एकराचं पानी माझ्या जोडातून जातंय. ही तर एवढुशी बाटली."

अलीमनं मान हलवली. "पाइपाची गोष्ट अलग हाये, भाऊ."

पण बद्रीनाथ कुठला ऐकतो! मला काखेत मारून तो निघाला सुद्धा. आता तुम्ही म्हणाल, माणूस हेकट होता. तसं नव्हतं हो. मागल्या वर्षी बैलगाडीचं जू लागून जीपची पुढची जाळी तडकली होती. जाळीही प्लास्टिकचीच. ती त्यानं घरी पाइपाच्या सोल्युशननं चिकटवली आणि ती आजतागायत हललेली नाही. मग त्याचं काय चुकलं? त्यानं जे डोळ्यांनी पाहिलं होतं, त्यावर विश्वास ठेवला. सोयाबीनचं एक वाण एका रानात येतं आणि दुसऱ्यात येत नाही, हे त्याला कुणी सांगावं लागत नव्हतं. पण प्लास्टिकचेही वाण असतात, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. पाइप ज्याचा असतो ते प्लास्टिक सोल्युशन लावलं की वरवर विरघळतं आणि एकमेकांत मिसळतं, म्हणून तो जोड पक्का. जाळीचंही तसंच. मला मात्र ते सोल्युशन शिवतही नाही. माझ्या अंगावर ते वाळून नुसतं बसतं, दुधावर साय बसते तसं.

घरी आल्यावर त्यानं अंगणात बाज टाकली आणि मला मांडीवर घेतलं. उन्हं अजून उतरायची होती. आधी त्यानं मला साबणानं धुतलं, आत काठीला चिंधी बांधून कोपरे घासले. किती वर्षांनी कुणी मला असं आंघोळ घातल्यासारखं धुतलं! मग कानशीनं फटीच्या दोन्ही कडा खडबडीत केल्या. फडक्यानं पुसलं. ब्रश सोल्युशनमध्ये बुडवून हलक्या हातानं एक थर दिला, वाळू दिला, मग दुसरा. त्यावर पाइपाचा एक तुकडा गरम करून, चपटा करून त्याची पट्टी लावली. मग सायकलच्या जुन्या ट्यूबनं मला करकचून बांधलं. एवढंही पुरेसं वाटेना म्हणून दोन्ही तळहातांत मला धरून तो बसून राहिला. चतुराबाईनं च्या आणून ठेवला, तो तसाच गार झाला.

मी काय सांगू तुम्हाला! माझ्या उभ्या जन्मात एवढ्या मायेनं मला कुणी हातात धरलं नव्हतं. आणि प्रत्येक थराला माझ्या जिवाची घालमेल होत होती. बाबा रे, धरत नाही रे, माझ्या अंगाला काहीच लागलेलं नाही, असं मला ओरडून सांगायचं होतं. पण बाटलीला तोंड असतं ते फक्त पाणी ओतायला.

चतुराबाई ओट्यावर ज्वारी निवडत बसली होती. सूप खाली ठेवून ती म्हणाली, "अवं, मी काय म्हन्ते. सकाळची यष्टी हाये, तिनंच जाऊ द्या ना तिला. बाकीच्या पोरीबी यष्टीनंच चालल्यात."

"यष्टीनं?" बद्रीनाथचा आवाज चढला. "बापाची गाडी दारात असताना? आन् स्टँडवरून कालेज केवढं लांब हाये, म्हाईत हाये का तुला? मी तिला गेटाम्होरं उतरवनार."

"पन बाटली..."

"बाटलीचं मी बघतो की!"

चतुराबाईनं सूप पुन्हा हातात घेतलं. दैवशाला उंबऱ्यावर बसून पुस्तक वाचत होती, तिनं वर पाहिलं. तिलाही यष्टीच बरी वाटत होती. तिच्या चेहऱ्यावर ते मला दिसलं. पण बाप दोन्ही हातांत ती बाटली धरून असा बसला होता, की तिच्यानं नाही म्हणवेना. ती म्हणाली, "जाऊ दे माय. नाना सोडतेत मला."

त्या माणसाला ही एक गोष्ट लेकीसाठी करायची होती, मित्रांनो. सासरी नेऊन घातलं तेही त्यानंच, परत आणलं तेही त्यानंच. आता एकदा तरी गाडी चांगल्या कामाला जावी, एवढंच त्याच्या मनात होतं. हे सगळं मला कळत होतं, म्हणून तर जास्तच जीव तुटत होता.

दिवस मावळायच्या आत त्यानं ट्यूब सोडली, मला जागेवर बसवलं आणि पाणी भरलं. गाडी जराशी चालू करून पाहिली. पाणी कोमट झालं न झालं तोच बंद केली. बोट फिरवून पाहिलं, कोरडं. "बघ गं, दैवा," त्यानं हाक मारली. तिनंही बोट फिरवलं आणि हसून म्हणाली, "नाना, तुमचा हातच तसा हाये." त्या बाईला किती दिवसांनी असं हसताना पाहिलं मी.

सकाळी तांबडं फुटायच्या सुमाराला आम्ही निघालो. रोजची गिऱ्हाइकं वाटेत हात करत होती, पण त्यानं एकालाही घेतलं नाही. "आज गाडी लेकीची हाये," असं तो खिडकीतून ओरडून सांगायचा. चतुराबाईनं लेकीच्या हातावर दही ठेवलं होतं. दैवशाला पुढच्या सीटवर, मांडीवर पिशवी, तिच्यात परीक्षेचं ओळखपत्र आणि दोन पेनं. भोकरदन गेलं. पाणी आता चांगलंच तापलं होतं आणि मला फुगवत होतं. पट्टीच्या एका कोपऱ्याखाली मला गुदगुल्या झाल्यासारखं झालं. तिथून पहिला थेंब आला.

राजूरला बद्रीनाथनं गाडी बाजूला घेतली, पण बंद केली नाही. "हितूनच हात जोड," म्हणाला. दैवशालानं डोळे मिटून हात जोडले. मीही जोडले असते, हात असते तर. त्यानं खाली उतरून बॉनेट उघडलं असतं, तर त्याला दिसलं असतं. राजूरच्या त्या पोराचं दुकान हाकेच्या अंतरावर होतं. पण काल संध्याकाळी कोरडं होतं, पहाटे निघताना कोरडं होतं, मग आता कशाला बघायचं? आम्ही पुढं निघालो.

राजूर मागं पडलं आणि चढाला त्यानं गाडी ताणली, तशी पट्टी एका बाजूनं उचकटली. पाणी चिळकांडीसारखं उडालं, गरम इंजिनावर पडलं आणि वाफ होऊन मागं वाऱ्यावर गेलं. आत बसलेल्यांना काही कळलं नाही. उलट झालं ते ऐका. इंजिनाचा ताप सांगणारा काटा वर चढायच्या ऐवजी खाली आला. पाणीच उरलं नव्हतं, तर तो काटा मोजणार काय? बद्रीनाथनं लेकीला बोटानं दाखवलं, "पाह्यलं का? काटा कसा खाली हाये. सकाळच्या गारव्यात गाडी कशी हरनावानी पळून राह्यली."

मित्रांनो, त्याचा तो आनंदाचा आवाज मी अजून विसरले नाही. मी रिकामी झाले होते. तो हसत होता.

मग इंजिनातून खडखड आवाज आला. जळका वास आला. गाडीनं एक गचका दिला आणि ती रस्त्याच्या कडेला जाऊन थांबली, ती थांबलीच. बद्रीनाथनं चावी फिरवली. पुन्हा फिरवली. मग उतरून त्यानं बॉनेट उघडलं आणि तो माझ्याकडे बघत राहिला. पट्टी एका कोपऱ्यावर लोंबत होती. त्यानं तिला हात लावला आणि ती अख्खी निघून हातात आली. तिच्या खालचं माझं अंग लख्ख स्वच्छ होतं. एक डागसुद्धा नाही. जणू कधी कुणी काही लावलंच नव्हतं.

"नाना," दैवशाला मागं उभी होती. "आता काय करायचं?"

 तो रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला आणि येईल त्या गाडीला हात करायला लागला. आयुष्यभर रस्त्यावर लोक त्याला हात करत आले, आज तो हात करत होता. सकाळची यष्टी तर केव्हाच पुढं निघून गेली होती. चतुराबाईनं सांगितलेली तीच ती. मागून दुसरी आली, ती इतकी भरलेली की थांबलीच नाही. रविवार सकाळ, रस्त्यावर गाड्या कमी. एक मोटारसायकलवाला थांबला, पण त्याला पलीकडच्याच गावाला जायचं होतं. दैवशाला घड्याळाकडे बघायची, मग रस्त्याकडे. बापाकडे मात्र बघत नव्हती. शेवटी मोसंबीचे क्रेट भरलेला एक पिकअप थांबला. ती पुढं चढली. जाताना म्हणाली, "नाना, तुमी हितंच थांबा. पोचते मी."

तो गाडीला टेकून उभा राहिला. पिकअप दिसेनासा झाला तरी तसाच उभा. पुष्कळ वेळानं तो स्वतःशीच म्हणाला, "पोचंल. पोचंल बराबर." नंतर एका ट्रॅक्टरनं आम्हाला दोरी लावून ओढत राजूरला आणलं. तिथल्या गॅरेजवाल्यानं एकदाच आत डोकावून पाहिलं आणि हात झाडले. इंजिन धरलं होतं, आतून पार जाम झालं होतं. मला काढून त्यानं भिंतीशी टाकलं. बद्रीनाथ माझ्या शेजारी जमिनीवर बसला. मिस्त्रीनं च्या विचारला, त्यानं मानेनंच नको म्हटलं. रस्त्यावरून प्रत्येक यष्टी येताना तो उठून उभा राहायचा.

दुपार टळून गेल्यावर दैवशाला आली. गॅरेजसमोर उभी जीप दिसली तशी ती यष्टीतून उतरली, पदरानं तोंड पुसलं आणि सरळ आमच्याकडं चालत आली. तिच्या चालण्यावरून मला कळलं. त्यालाही कळलं असणार, पण माणसाचा जीव कसा असतो बघा, तरी त्यानं विचारलं.

"गेट बंद केल्तं," ती म्हणाली. "नुकतंच. सगळ्याजनी आतमधी रांगेत उभ्या हुत्या, मला दिसत हुत्या. शिपाई चांगला हुता. पानी दिलं त्यानं प्यायला. म्हनला, ताई, माझ्या हातात असतं तर घेतलं असतं."

"मंग तू सांगितलं न्हाई का, गाडी..."

"सांगितलं नाना. समदं सांगितलं."

मग ती त्याच्या शेजारी बसली. म्हातारा रडला नाही, ओरडला नाही. दोन्ही तळहात उलटे-सुलटे करून त्यांच्याकडेच बघत राहिला. लेकीनं गॅरेजवाल्याला दोन च्या सांगितले, एक बापाच्या हातात दिला. "घ्या नाना, सकाळपासून पोटात काय न्हाई तुमच्या," म्हणाली. तिच्याही पोटात त्या चमचाभर दह्यावाचून काही नव्हतं.

त्या गोष्टीला आता बरेच दिवस झाले. जीप लिंबाखाली उभी आहे, तिच्या चाकांत गवत उगवलंय. मला चतुराबाई उकिरड्यावर टाकायला निघाली होती, पण बद्रीनाथनं टाकू दिलं नाही. का, ते त्यानं सांगितलं नाही. तेव्हापासून मी अंगणात दगडी रांजणाजवळ पडून असते. अलीम एकदा घरी येऊन गेला. नवी बाटली घेऊन आला होता बिचारा. 'मी सांगितलं होतं' असं चुकूनसुद्धा म्हणाला नाही. च्या पिऊन, इकडचं तिकडचं बोलून गेला.

गावात पाइप फुटतात, मोटारी चालू असतात, लोक अजून बोलवायला येतात. "बद्रीनाथ, चल ना, पानी वाया चाललंय." तो बाजेवरूनच सांगतो, "दुसऱ्या कुनाला न्या. माझा जोड धरत न्हाई." अहो, धरतो! पाइपाला त्याचा जोड आजही धरेल, उद्याही धरेल. त्याचा हात कुठं वाईट होता? चूक झाली ती एका डब्याची आणि एका फटीची, आणि त्यानं ती सगळ्या हातावर घेतली. हे त्याला कुणी समजावून सांगत नाही. मी सांगितलं असतं, पण माझं कोण ऐकणार?

मित्रांनो, तुम्ही लहान आहात. तुमच्याही घरात काही ना काही तडकेल. बादली तडकेल, खुर्ची तडकेल, गाडीचा एखादा भाग तडकेल. गोंद हाती घ्यायच्या आधी ती वस्तू कशाची आहे ते बघा. जाणत्या माणसाला विचारा, आणि तो 'यावर काही धरत नाही' म्हणाला तर त्याला हसू नका. जिथं कुणाचा जीव, कुणाचं भविष्य गाडीत बसलेलं असेल, तिथं चिकटवाचिकटवी करूच नका, सरळ वस्तू बदला. मला धुवा-पुसा, चांगलं कूलंट घाला, म्हणजे मी तडकणारच नाही. काळजी बद्रीनाथनंही घेतली होती, माझ्या वाट्याला आलेली सगळ्यात जास्त. नुसत्या मायेनं भागत नाही, हे मी माझ्या अंगावर पाहिलंय.

दैवशाला अजून त्याच खासगी दवाखान्यात जाते. आता पायी जाऊन फाट्यावर यष्टी धरते. संध्याकाळी येते, हातपाय धुते, बापाला वाढते. तो भाकरी हातात घेऊन तसाच बसून राहिला की ती म्हणते, "खा ना नाना. तुमी जोड बराबरच केल्ता. त्या दिवशी ऊनच लई हुतं."

तो मान हलवतो आणि घास मोडतो. त्या सकाळी ऊन चढलंच नव्हतं, हे दोघांनाही माहीत आहे.